थंड डबा

“आज औषध दिलंयस की पिठलं? नुसत्या गुठळ्या!” भास्कर पेल्यात चमचा फिरवत कुरकुरला.

“अहो, ढवळा की नीट,” कुमुद म्हणाली. नजर मात्र तिची डब्यावर होती.

भास्करच्या आठवणी शाबूत होत्या तेव्हाच त्यांचा ठसा घेऊन ही पॉलिमरची पूड बनवली होती. सकाळी चमचाभर पोटात गेली की दिवसभर त्याला माणसं ओळखू यायची. आता ठसा घ्यावा असं डोक्यात काही उरलं नव्हतं, म्हणजे दुसरा डबा होणार नव्हता.

‘कोरडं ठेवा,’ असं झाकणावर छापलं होतं. रत्नागिरीच्या दमट हवेत कोरडी जागा आणायची कुठून? केशर, बदाम, जे जे जपायचं ते कुमुद फ्रिजमध्ये ठेवी. जागा असती तर लग्नातला शालूही ठेवला असता. डबाही तिथेच गेला. रोज ती तो थंडगार बाहेर काढायची आणि लगेच उघडायची.

माहेरपणाला आलेल्या लेकीने, मेघनाने, झाकण उचललं. आत दव धरलं होतं आणि खाली पुडीचा दगड झाला होता.

“आई, गारवा जाईपर्यंत झाकण उघडायचं नसतं, हवेतलं पाणी आत...” आईचा चेहरा बघून ती थांबली.

“उन्हात ठेवून बघू या?” कुमुदने विचारलं.

“बघू या,” मेघना म्हणाली. उपयोग नव्हता, हे तिला माहीत होतं.

भास्करने पेला खाली ठेवला. पाहुणीकडे बघावं तसं त्याने मेघनाकडे अदबीने बघितलं आणि कुमुदच्या कानाशी वाकला.

“औषध नासलंय गं. ही पोर कोणाची, मला कळत नाहीये.”