आतली केबिन

“आतली,” लीलाताई म्हणाल्या, आणि नया बाजारातल्या त्या ट्रॅव्हल एजन्सीत पंख्याशिवाय दुसरं काही हलेना.

संभाजीराव हसले. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला माणूस. समोरच्याचं चुकलंय हे ते आधी हसून सांगत. “यांना खर्चाची काळजी वाटतेय,” ते टेबलापलीकडच्या अंशुलला म्हणाले. “बाल्कनीवालीच कर.”

सहल मुलीकडून होती. आईच्या पासष्टीची भेट. मुंबईहून जहाजानं निघायचं, चार रात्री पाण्यावर, लक्षद्वीप बघून परत. शिखानं पुण्याहून अंशुलला फोन करून बजावलं होतं, केबिन आई ठरवेल. बुकिंग आईच्या नावानं, आणि ते पक्कं करायचा सहा आकड्यांचा ओटीपीही आईच्याच मोबाइलवर येणार. संभाजीरावांना हे इथं आल्यावर कळलं. त्यांनी ते मनावर घेतलं नाही. रेशनकार्डावरही बायकोचं नाव वर असतंच.

“काकू, इनसाइडमध्ये खिडकीसुद्धा नसते,” अंशुल म्हणाला. घरात मराठी आणि दुकानात हिंदी, त्यामुळे त्याच्या तोंडी दोन्ही एकदम यायच्या. “बाल्कनीत आरामात चहा घ्या, सामने समंदर. फरक भी ज्यादा नहीं है.”

“वाऱ्यानं माझे कान दुखतात.”

“काचेचं दार आहे, काकू.”

“आणि मला पाण्याची भीती वाटते.”

“मग जहाजावर काय पोहे खायला जायचंय?” संभाजीराव म्हणाले.

“उगाच पोरीला खर्च कशाला?”

तीन मिनिटांत तीन कारणं झाली. माणूस एकामागून एक कारणं काढायला लागला, की मूळ कारण अजून पिशवीतच आहे असं समजावं. अंशुलला ते कळलं नाही, कारण त्याचं लग्न व्हायचं होतं. संभाजीरावांना कळलं नाही, कारण त्यांचं होऊन त्रेचाळीस वर्षं झाली होती.

ते खुर्ची अंशुलकडे वळवून बसले. “अरे, यांना सवय आहे. आमचं घर किला गेटला, रस्त्यावर. या लग्न होऊन आल्या तेव्हा माझ्या वडिलांनी, आबासाहेबांनी, मुद्दाम बाल्कनी बांधून घेतली. सुनेला कसली अडचण नको. भाजी दोरीच्या टोपलीतून वर येते. विसर्जन बघा, निवडणुकीचे जुलूस बघा, मेळ्याचे दिवेसुद्धा दिसतात. यांच्या बहिणीच्या, इंदुताईंच्या मुलीची वरात खालून गेली. जवळून इतकी नीट दिसली नसती. आमच्यात बायकांना गर्दीत धक्के खायला लावत नाहीत.”

“क्या बात है,” अंशुल म्हणाला. गिऱ्हाइकाच्या घराचं कौतुक करणं धंद्यात बसतं.

लीलाताई मोबाइल हातात फिरवत राहिल्या.

“तर बाल्कनी,” संभाजीराव म्हणाले.

“आतली.”

आता ते हसले नाहीत. आवाज मात्र चढला नाही. घरात तो कधीच चढलेला नव्हता, चढवायची वेळच कुणी आणली नव्हती. ते बायकोला अहो-जाहो करत, तसंच म्हणाले, “हे बघा, अंधाऱ्या कोठडीत मी तुम्हाला ठेवणार नाही. बाल्कनी नसेल तर आपण जाणार नाही. शिखाला मी सांगतो.”

लीलाताईंनी खाली मान घातली. समुद्र त्यांनी आजवर बघितला नव्हता. चंबळ मात्र तीनदा बघितली होती, तीनही वेळा गाडीच्या खिडकीतून. आत्ता हो म्हटलं तर समुद्र मिळत होता. नाही म्हटलं तर घर.

मग त्यांनी अंशुलला विचारलं, “पैसे भरल्यावर परत मिळतात का रे?”

“नाही, काकू. ऑफर का रेट है. एक पैसा वापस नहीं.”

ही बातमी ऐकून आनंदलेलं गिऱ्हाईक अंशुलनं पहिल्यांदाच बघितलं. संभाजीरावांनी आयुष्यात पैसे भरलेलं काही वाया जाऊ दिलं नव्हतं. रिझर्व्हेशन फुकट जाऊ नये म्हणून ते एकशे दोन तापात उज्जैनला जाऊन आले होते.

“आणि खिडकी नाही? नक्की?”

“बिलकुल नहीं. लाइट बंद केली की दिवस आहे का रात्र, तेही कळत नाही. लोक आत नुसते झोपायला येतात. दिन भर सब ऊपर, डेकवर.”

“मग तीच कर.”

अंशुलनं संभाजीरावांकडे बघितलं. मग शिखाचा फोन त्याला आठवला असावा. त्यानं बटण दाबलं, आणि लीलाताईंच्या हातातला मोबाइल थरथरला. चष्मा वर सरकवून त्या वाचू लागल्या. एकेक आकडा, सावकाश. तिसऱ्या आकड्याला संभाजीरावांनी मोबाइल घ्यायला हात पुढे केला. लीलाताई खुर्चीतच अर्ध्या वळल्या, त्यांच्याकडे पाठ केली आणि उरलेले तीन वाचून टाकले.

कोपऱ्यातलं मशीन कागद छापू लागलं. दोघांची नावं, केबिनचा नंबर, सातवा मजला, आतली.

संभाजीराव चिडले असते तर बरं झालं असतं. त्यांचा हात अजून तसाच टेबलावर उघडा होता. ते खरोखर दुखावले होते, आणि त्यांना खरोखरच काही कळत नव्हतं.

“कशाची कमी पडू दिली मी तुम्हाला?” ते म्हणाले. “नाही, सांगाच. का?”

लीलाताईंनी कागदाची घडी घातली आणि पर्समध्ये ठेवली.

“खोलीला बाल्कनी असली, की तुम्ही म्हणाल, इथूनच बघा.”