घोडी अडली

दसऱ्याच्या मिरवणुकीतली पांढरी घोडी नेमकी तिच्या कॅमेऱ्यासमोर येऊन अडली, तेव्हा सासूबाईंचा फोन येऊन जेमतेम पाच मिनिटं झाली होती. “पोर मजेत खेळतीय. तुझी आठवणसुद्धा काढली नाही बघ. निवांत ये,” त्या म्हणाल्या होत्या.

हायसं वाटायला हवं होतं. बाळंतपणानंतर पहिल्यांदाच ती एकटी बाहेर पडली होती, नणंदेचा कॅमेरा मागून घेऊन. एक तरी फोटो मनासारखा यावा, एवढंच मागणं होतं. पण फोन ठेवल्यापासून सगळे फोटो हललेलेच येत होते, आणि का ते तिला कळत नव्हतं.

आता घोडीही जागची हलेना. वरची फेटेवाली मुलगी टाचा मारून थकली, मागचे हलगीवाले ओरडायला लागले.

“ताई, सरका की!” मोतद्दार लगाम ओढत खेकसला. “तिचं शिंगरू झाकलंय तुम्ही.”

ती वळली. तिच्या पाठीशीच, एका बाईनं दोरीला धरलेलं तपकिरी शिंगरू उभं होतं. घोडीच्या पुढं पुढं चालवत आणलेलं. ओशाळून ती बाजूला झाली, तशी घोडी मुकाट्यानं चालू लागली.

“एवढ्याशा जिवाला गर्दीत कशाला आणता? आईवाचून घरी राहत नाही का?” तिनं सोबत चालत विचारलं.

“ते राहतंय की झ्याक,” मोतद्दार हसला. “हिचाच पाय निघत न्हाई.”

कॅमेरा गळ्यात तसाच लोंबता ठेवून ती घोडीच्या बरोबरीनं चालत राहिली. आपण घरी जायला निघालोय आणि घर तर उलट्या दिशेला आहे, हे दोन चौक गेल्यावर तिच्या ध्यानात आलं.