अर्धा तास

शेजारच्या नाथाजीनं ट्रॅक्टर आप्पासोंच्या जुन्या गाडीजवळ आणला, दोन्हींच्या बॅटऱ्यांना तांबडी वायर जोडली आणि काळीचा शेवटचा चिमटा बॅटरीला न लावता इंजिनच्या लोखंडाला लावला. गाडी चालू झाली.

“महिन्यात तिसऱ्यांदा, आप्पा. या बॅटरीत काय राम न्हाई.”

“दिवाळीला बघू रं,” म्हणत आप्पासो सुनेकडं वळले. मुलगा शिरवळला कंपनीत, त्यांच्या स्वतःच्या डोळ्याचं ऑपरेशन झालेलं. घरात गाडी चालवणारी रेश्मा एकटीच. एरवी ती कोपऱ्यावरच्या दुकानात निघाली तरी कुठं, कशाला, किती वेळ, सगळं ते विचारायचे. आज तेच म्हणाले, “जा पोरी, पेठ नाक्यापतोर फिरवून आण. अर्धा तास बंद करू नगंस, तवर बॅटरी भरंल. बाळाकडं आजी बघंल.”

रेश्मा गेली. अर्धा तास तिला कुणी काही विचारलं नाही. तिच्याही डोक्यात काही आलं नाही.

 

परत आल्यावर तिनं गाडी अंगणात लावली आणि मागच्या दोन वेळांसारखाच उतरताना आतला दिवा चालू ठेवला. भर उन्हात तो कुणाला दिसणार नव्हता.