गोड वगळून

लोकांची तब्येत सुधारावी म्हणून सरकारी शिधाकार्डावर आजपासून गोड काही मिळणार नव्हतं. हे गिऱ्हाइकांना समजावता समजावता दुकानाच्या गल्ल्यावरच्या ताईंच्या तोंडाला फेस आला होता. तेवढ्यात एक बाप मुलीला कडेवर घेऊन रांगेत पुढे घुसला. पोर घामानं निथळली होती, थरथरत होती. त्यानं फळांच्या रसाची बाटली ठेवून कार्ड दिलं. यंत्रानं ते नाकारलं. “ताई, तिला मधुमेह आहे. साखर एकदम उतरलीय.” रांगेतून कुणी पुटपुटलं, “मधुमेह म्हणे, आणि पाजायचं गोड.” बापानं रिकामे खिसे चाचपले. ताईंनी झाकण उघडलं आणि बाटली मुलीच्या ओठांना लावली. हळूहळू तिची थरथर थांबली. “राहू द्या, ही माझ्याकडून,” ताई म्हणाल्या. बापानं चाचरत विचारलं, “पुन्हा असं झालं तर... उद्या गल्ल्यावर कोण असेल?” उद्या ताईंची सुट्टी होती. “मीच,” त्या म्हणाल्या.