एक खिळा

ताराबाई पार्कातला बंगला इंग्रज साहेबानं बांधलेला आणि बापूसाहेब इंगवल्यांनी जिवापाड जपलेला. भिंतींचा चुन्याचा गिलावासुद्धा तेव्हाचाच. त्यात खिळा ठोकायची घरात कुणाला परवानगी नव्हती. लग्नाचा फोटो अजून ट्रंकेतच होता.

आज मात्र त्यांच्या पत्नी सुमित्राबाई हातोडी घेऊनच उभ्या राहिल्या. "अहो, एकच खिळा मारते."

"मारायचा न्हाय. सगळा गिलावा खाली येईल."

"मग उद्या तुमच्या फोटोला हार घालायची वेळ आली, तर तो तरी कुठं टांगू?"

बापूसाहेब भिंतीवरून हळूच हात फिरवत म्हणाले, "टेबलावर ठेव की. फक्त भिंतीला टेकवू नकोस. ओल्या हाराचा डाग पडतोय."