उजवीकडून आलेलं लिंबू

तिसरं लिंबू लहूने मुद्दाम उजवीकडून टाकलं.

पहिली दोन डावीकडून गेली होती. मिस्टर डॅरेलने ती जेवता जेवता, मान न उचलता, एका हातात टिपली होती. तिसरं त्याच्या कानावर आदळून टेबलाखाली गेलं. मेसमधली पोरं खाली मान घालून हसली.

"बघ," लहू उजव्या हाताला बसवलेल्या रुपेशला म्हणाला. "म्हणे अमेरिकेत सहा वर्षं पगार घेऊन खेळलो. तो लंबगोल चेंडूवाला फुटबॉल. चार वर्षं पळत पळत पास झेलले, शेवटची दोन फक्त किक झेलून परत आणल्या. घंटा. लिंबू झेलता येत नाही."

"दादा, जपून. शनिवारी कानाची टेस्ट तोच घेणारे. नर्सबाई सुट्टीवर गेल्यात."

लहूचा घास तोंडातच राहिला.

बहरीनमध्ये, मआमीरच्या कारखान्यात कॉम्प्रेसर हाउसला त्याची अकरा वर्षं झाली होती. डावा कान तीन वर्षांपूर्वीच बसला होता. टेस्टमध्ये नापास म्हणजे व्हिसा रिन्यू नाही. खलास, थेट जालना. पण लहूकडे युक्ती होती. केबिनमध्ये नर्सबाईकडे पाठ करून बसवायचे, समोरच्या काचेत तिचं बोट दिसायचं. आवाज सोडायला तिने बटण दाबलं की लहूचा हात वर. तीन वर्षं पास.

आणि आता हा डॅरेल. नवा सेफ्टी ऑफिसर. एक फोटो नाही, एक कप नाही, पेपरातलं कात्रण नाही. एवढा खेळाडू होता तर इथे लोकांची हेल्मेटं कशाला तपासतोय? कंपनीची फुकट अंगठी मिळते असं सांगून नव्या पोरांना बाब अल बहरीनच्या बाजारात पाठवणारा माणूस लहू. थाप त्याला लांबून कळायची. जुनी माणसं काढायला पेरलेला दिसतोय हा, त्याने मनाशी ठरवून टाकलं.

शनिवारी हेडफोन लावून तो केबिनमध्ये बसला. काचेत डॅरेलचं जाडजूड बोट स्वच्छ दिसत होतं. उजवा कान झाला. मग डावा. बोट दाबलं, हात वर. सहा वेळा. लहू गालात हसला.

दार उघडलं.

"लहू, शेवटच्या सहा वेळा मशीन बंद होतं."

जन्मभर दुसऱ्यांना टोप्या घालणाऱ्या लहूने हेडफोन काढून मांडीवर ठेवला. मग त्याने विचारलं, "कधी कळलं?"

"पहिल्याच दिवशी. तू मान वळवून ऐकतोस." डॅरेल स्टुलावर बसला. "किक आभाळात जाते ना, तेव्हा आपले डोळे चेंडूवर. अकरा जण अंगावर धावत येत असतात. ते बघायचे नसतात, ऐकायचे असतात. कानावर जगणारा माणूस मला लगेच कळतो."

"मग माझं तिसरं लिंबू का नाही झेललं?"

"चौथ्या वर्षी उजवा डोळा गेला. पास झेलता येईनात. डॉक्टरांचा तो अक्षरांचा तक्ता पाठ करून ठेवला, दोन सीझन त्यांना फसवलं. किक समोरून येते, एका डोळ्यावर भागतं. मग एकदा पब्लिक फार ओरडत होतं. उजवीकडून अंगावर आलेला खेळाडू ऐकूच आला नाही. सहा महिने हॉस्पिटल."

लहूतला चावट माणूस अजून मेला नव्हता. "एका डोळ्याचा सेफ्टी ऑफिसर चालतो का, सर?"

"कंपनीला सांगून आलोय. या वेळी तक्ता पाठ नाही केला."

डॅरेलने फॉर्म भरला आणि लहूपुढे सरकवला. डावा कान निकामी. कॉम्प्रेसर हाउसचं काम बंद. टूल स्टोअरला बदली. खाली मॅनेजरची सही आधीच होती, गुरुवारच्या तारखेची.

"व्हिसा राहील?"

"राहील. दुसरा कान सांभाळ. यल्ला, चल जेवायला."

बाहेर मशीनं धडधडत होती. लहू सवयीने डॅरेलला आपल्या उजव्या हाताला घ्यायला सरकणार, तोवर डॅरेलच वळसा घालून तिथे आला. तिथून लहूला त्याचं बोलणं ऐकू येत होतं, आणि त्याला लहू दिसत होता.