काचेवरचा डाग

मुलांनो, आधी मनात एक खोली उभी करा. लांबट, दमट, खाऱ्या वासाची. मधोमध पलंगाएवढी काचेची टाकी. टाकीत समुद्राचं पाणी आणि पाण्यात नऊ दगड, गुलाबी. नीट बघा, ते नुसते दगड नाहीत. त्यांच्यावरचा गुलाबी थर जिवंत आहे. ते एक शेवाळ आहे, पण हिरवं नाही आणि मऊही नाही. अंगात चुना भरून घेतं आणि दगडासारखं कडक होतं. समुद्रात लाटांनी फोडलेले प्रवाळाचे तुकडे सांधून हेच शेवाळ भिंत उभी ठेवतं. गवंडीच म्हणा ना.

टाकीपाशी स्टुलावर एक मुलगी उभी आहे. घरात तिला मुंगी म्हणतात. शाळा सुटली की ती आईच्या या प्रयोगशाळेत येते आणि प्लास्टिकच्या पट्टीने टाकीची काच खरवडते. कारण काचेवरही गुलाबी डाग धरतात, पातळ आणि खरबरीत. ते तण. दगडांवरच्या शेवाळाचा घास ते पळवतात म्हणे.

"आज उशीर, मुंगीबाई?" टाकी सांभाळणारे काका म्हणाले. "मास्तरांनी अंगठे धरायला लावले वाटतं."

"तुम्हाला लावत होते, म्हणून मलाही लावतील काय?"

काका हसले. त्यांनी बादली पुढे केली. मुंगीने खरवडलेला चुरा तीत टाकला आणि काकांनी नेहमीप्रमाणे वरून उकळतं पाणी ओतलं. तण जिवंत गटारात जाऊ द्यायचं नाही, असा तिथला नियम होता. चुऱ्याचा गुलाबी रंग बघता बघता उडाला.

"कोपरे?"

"लख्ख!" मुंगी म्हणाली. ती रोज हेच म्हणायची.

तेवढ्यात आतल्या खोलीचं दार उघडलं. आई बाहेर आली, पण दार लावायचं विसरली.

"काका, बादली कुठंय?"

"ही काय. आताच शिजवली."

आई खाली बसली, चक्क फरशीवर.

गावासमोरची समुद्रातली प्रवाळाची भिंत फुटत चालली होती. खालच्या आळीत भरतीचं पाणी घरात शिरत होतं. गेल्या उन्हाळ्यात समुद्र तापला आणि भिंतीवरचं सगळं शेवाळ पांढरं पडलं, मेलं. त्याआधी भिंतीवरून आणलेले हे नऊ दगड तेवढे उरले होते. ते वाढवून पुन्हा भिंतीवर लावायचे होते. लावण्याआधी एकदा खात्री करावी, म्हणून आईने तीन नमुने तपासले: एक दगडांवरच्या शेवाळाचा, एक जुन्या भिंतीच्या गाभ्यातून काढून जपलेला, आणि ताडून बघायला काचेवरच्या तणाचा. ही शेवाळं दिसायला सारखी. ओळख पटते ती पेशींतल्या जनुकांवरून, आणि ती वाचायची तर तुकडा खलात कुटावा लागतो. ओळख पटते, पण ज्याची पटते तो उरत नाही.

"दगडांवरचं वेगळंच निघालं," आई म्हणाली. "लांबचं भावंड. भराभर वाढतं, दिसायला देखणं. पण सांधत नाही. भिंत बांधणारं ते हे नाहीच."

"मग बांधणारं कुठंय?" काकांनी विचारलं.

आईने काचेकडे बोट केलं. काचेतून आरपार दिसत होतं.

काकांनी बादलीत डोकावून बघितलं. "म्हणजे पाहुण्याला मांडीवर घेतलं," ते म्हणाले, "आणि घरच्याला रोज उकळत्या पाण्यात घातलं."

मुंगीच्या हातात पट्टी होती. ती तिने खाली ठेवली, मग उचलली आणि फ्रॉकच्या मागे लपवली.

"मी खरवडलं," ती म्हणाली.

"मी सांगितलं होतं," आई म्हणाली. "तू नाही. मी."

बाहेर भरतीचा आवाज वाढत होता. काकांनी बादली उचलली. ओतायची कुठे ते न कळून पुन्हा होती तिथेच ठेवली.

मुंगीने स्टूल ओढत टाकीच्या मागच्या बाजूला नेलं. हवेच्या नळीमागचा कोपरा. तिथे पट्टी नीट पोचायची नाही, आणि मुंगीला कंटाळा यायचा. तिने नळी बाजूला सारली.

"आई."

आतल्या बाजूने काचेवर एक गुलाबी ठिपका होता. मोहरीएवढा.

आई भिंग घेऊन वाकली. काकाही वाकले. मग आईचा हात सवयीने कोटाच्या खिशात गेला आणि ब्लेड घेऊन बाहेर आला.

"थांब," मुंगी म्हणाली. "ते तेच आहे."

"कशावरून? दगडांवरच्याचं पिल्लूही असेल. दोन्ही सारखीच दिसतात, मुंगे. तेच वाढवत बसलो, तर पुन्हा तीच चूक. तपासल्याशिवाय कळायचं कसं?"

"आणि कुटल्यावर?"

आईने भिंग पुन्हा ठिपक्यावर धरलं.

"काका, तुम्ही सांगा ना हिला!"

काका मागे सरले. आई ब्लेडकडे बघत होती. तिने ते पुढे नेलं नाही, पण खिशातही ठेवलं नाही.

मुंगीने पट्टी फेकून दिली. बाही वर न करताच तिने खांद्यापर्यंत हात पाण्यात घातला आणि वाऱ्यात दिव्याला आडोसा धरतात, तसा तळवा त्या ठिपक्याभोवती धरला, त्याला लागणार नाही असा.

पाणी गार होतं. तिने हात काढला नाही.